फार्मसीच्या विद्यार्थ्यांचा प्रिसेप्टर होण्याची विनंती स्वीकारावी का?

प्रश्न:
मी रुग्णालयाच्या औषध विभागात फार्मासिस्ट आहे. अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी प्रिसेप्टर (प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी शिकवणारा मार्गदर्शक) व्हाल का, अशी विचारणा एका महाविद्यालयाने माझ्याकडे केली आहे. शिकवण्याची आवड आहे. मात्र आमच्याकडे मनुष्यबळ कमी असून वॉर्ड राउंड संपून प्रिस्क्रिप्शनचा ओघ सुरू झाला की मान वर करायला फुरसत मिळत नाही. मी कधी अध्यापन केलेले नाही, आणि विद्यार्थ्याच्या हातून चूक झाली तर काय, ही धास्तीही आहे. होकार देण्यापूर्वी कशाचा विचार करावा?

उत्तर १:
वेळेबाबतची आपली शंका रास्त आहे. सुरुवातीच्या काळात विद्यार्थ्यामुळे काम हलके होत नाही, उलट वाढते, हे गृहीत धरूनच निर्णय घ्यावा. पुढे तो रुग्णाच्या चालू औषधांची यादी तयार करणे, इन्हेलर वापरण्याची पद्धत समजावणे अशी कामे विश्वासाने करू लागतो. परंतु केवळ त्या मदतीच्या आशेने होकार देऊ नये. तो शिकायला आलेला असतो, रिकामी जागा भरायला नव्हे.

शिकवण्यासाठी तासभर बाजूला काढावा लागतो, हा मात्र गैरसमज आहे. वैद्यकीय शिक्षणात 1992 साली मांडली गेलेली ‘वन मिनिट प्रिसेप्टर’ ही पद्धत अशाच घाईच्या ठिकाणांसाठी आहे: आधी विद्यार्थ्याला स्वतःचे मत ठामपणे मांडायला लावायचे, मग त्यामागचे कारण विचारायचे, त्यातून एखादा सर्वसाधारण नियम सांगायचा, बरोबर काय होते ते नेमके दाखवायचे आणि चुकले ते सुधारायचे. समजा, संधिवाताच्या रुग्णाच्या प्रिस्क्रिप्शनवर मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या रोज घ्यायला लिहिल्या आहेत. आपण स्वतःच डॉक्टरांना फोन लावला तर विद्यार्थ्याला फक्त फोन दिसतो. ‘हे औषध तुम्ही द्याल का?’ असे विचारून थांबलात, तर या आजारात ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते, रोज घेतल्यास अस्थिमज्जेवर घातक परिणाम होऊ शकतो, हे त्याला स्वतः शोधून सांगावे लागते. फोन त्यानंतर, त्याच्यासमोर करावा.

उत्तर २:
वरील मताशी मी बव्हंशी सहमत असलो, तरी माझ्या मते खरी कसोटी वेळेची नसून मूल्यमापनाची आहे. शिकवायला आवडणारे पुष्कळ असतात. परंतु रोज वेळेवर येणाऱ्या, नम्र, पण डोसची आकडेमोड वारंवार चुकवणाऱ्या विद्यार्थ्याला ‘अद्याप तयार नाही’ असे लेखी कळवण्याची तयारी थोड्यांचीच असते. त्याचे मन राखण्यासाठी लॉगबुकवर (त्याच्या कामाच्या नोंदवहीवर) सही केली, तर त्याची किंमत पुढे एखादा रुग्ण मोजतो. हे बोलणे शेवटच्या दिवसापर्यंत लांबवू नये; रोटेशनच्या, म्हणजे विभागातील त्याच्या प्रशिक्षणकाळाच्या, मध्यावर उणिवा स्पष्ट सांगाव्यात, म्हणजे सुधारायला अवधी उरतो. हे आपल्याला जमणार नसेल, तर प्रांजळपणे नकार द्यावा.

चुकीच्या धास्तीबद्दल: विद्यार्थ्याने तयार केलेले औषध नोंदणीकृत फार्मासिस्टच्या अंतिम तपासणीशिवाय रुग्णाकडे जाऊ नये. इन्सुलिन, हेपारिन, पोटॅशियम क्लोराइडची तीव्र इंजेक्शने अशा, चूक जीवावर बेतू शकणाऱ्या औषधांच्या बाबतीत तर मुळीच नाही. ही तपासणी गर्दीच्या वेळी तुमच्या विभागात खरोखर होईल का, याचे उत्तर वरिष्ठांकडून आधी मिळवा.

उत्तर ३:
अध्यापनाचा अनुभव नसल्याची चिंता फार करू नये. विद्यार्थ्याला पाठ्यपुस्तक महाविद्यालयात मिळतेच. अपुऱ्या माहितीवर निर्णय कसा घ्यावा हे काउंटरवर आणि वॉर्डातच दिसते. ‘मला ठाऊक नाही, संदर्भ पाहू या’ असे त्याच्यासमोर म्हणता आले, की निम्मे काम झाले. महाविद्यालयाला मात्र प्रश्न जरूर विचारा: एका वेळी किती विद्यार्थी येणार, मूल्यमापनाचा नमुना कसा आहे, प्रिसेप्टरसाठी प्रशिक्षण आहे का, विद्यार्थी मागे पडला तर कोणाशी बोलायचे?

प्रश्नकर्ता:
सर्वांचे आभार. मूल्यमापनाचा मुद्दा माझ्या मनातही आला नव्हता. अंतिम तपासणीबाबत विभागप्रमुखांशी बोलतो. त्यांनी गर्दीच्या वेळेसाठी दुसरा फार्मासिस्ट मान्य केला, तर एकाच विद्यार्थ्यापुरता होकार कळवीन, अन्यथा यंदा नकार देईन.