पीएचपी: लॉगिननंतर दुसऱ्या पानावर सेशन रिकामं

प्रश्न: पीएचपी ८. लॉगिन.पीएचपीमध्ये सेशनमध्ये (एका पानावरून दुसऱ्यावर जाताना युजरची माहिती जपणारी सर्व्हरवरची जागा) युजर-आयडी ठेवून डॅशबोर्डवर रीडायरेक्ट करतो. लोकलवर चालतं, सर्व्हरवर डॅशबोर्डला सेशन रिकामं. सेशन-स्टार्ट दोन्ही फायलींत आहे. कुठे बघू?

उत्तर: आधी एरर लॉग उघडा. ‘हेडर्स (पानाच्या मजकुराआधी ब्राउझरला जाणारी माहिती) आधीच पाठवले गेले’ असं असेल तर त्यातच फाईल आणि ओळ क्रमांक दिलेला असतो. ओळ १ दिसली तर फाईल बहुधा बीओएमसकट (फाईलच्या सुरुवातीची अदृश्य एन्कोडिंग खूण) सेव्ह झालीय. हे ३ बाइट एडिटरमध्ये दिसत नाहीत, पण सेशन-स्टार्टच्या आधीच आउटपुट होतात आणि सेशनची कुकी (ब्राउझरमध्ये सेशन-आयडी ठेवणारी नोंद) जातच नाही. बीओएमशिवाय यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करा. लोकलवर बहुधा आउटपुट बफरिंग (आउटपुट लगेच न पाठवता आधी साठवणं) ४०९६ बाइट आहे, म्हणून तिथे दोष झाकला जातो. सर्व्हरवर तेच चालू करून वेळ मारून नेऊ नका, फाईलच दुरुस्त करा.

उत्तर: लॉग स्वच्छ असेल तर ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये दोन्ही पानांवरची पीएचपीसेसआयडी ही सेशन-कुकी ताडून बघा. आयडी बदलतोय? मग एक पान डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसह आणि दुसरं त्याशिवाय उघडतंय, किंवा कुकी-सिक्युअर (कुकी फक्त एचटीटीपीएसवर पाठवणारी सेटिंग) चालू असून साइट एचटीटीपीवर आहे. आयडी तोच राहत असेल तर सेव्ह-पाथ फोल्डरला (जिथे सेशनच्या फायली साठतात) लिहिण्याची परवानगी तपासा. आणि रीडायरेक्टच्या हेडरनंतर एक्झिट हवंच, नाहीतर खालचा कोड चालत राहतो.

प्रश्नकर्ता: ओळ १ च होती. कॉन्फिग.पीएचपीमध्ये बीओएम सापडला, काढल्यावर चाललं. आभार!