बेसबॉल कार्डांची रिकामी पेटी मिळाली आहे. साफ करू की तशीच ठेवू?

एडिसनची_माई

नमस्कार मंडळी. गेल्या शनिवारी जवळच्याच एका इस्टेट सेलला गेले होते. घरचे आजोबा गेले आणि मुलांनी तळघर विकायला काढलं. सुतारकामाच्या टेबलाखाली स्क्रू-नटांनी भरलेलं एक पुठ्ठ्याचं खोकं होतं. स्क्रूंसकट बारा डॉलरला घेतलं. घरी येऊन रिकामं केलं तर त्यावर टॉप्स (बेसबॉलपटूंची चित्रं असलेली कार्डं काढणारी कंपनी), बेसबॉल आणि ५ सेंट असं छापलेलं. साल कुठेच नाही. झाकण मागे वळवलं की पाटीसारखं उभं राहतं, पण ते आतून सेलोटेपने जोडलंय आणि टेप पिवळी पडून पापडासारखी झाली आहे. तळाला गंजाचे गोल डाग, एका कडेला दुकानाचं किमतीचं स्टिकर.

आत कार्ड एकही नाही. मुलगा म्हणतो, रिकाम्या खोक्याला कोण विचारतंय, रिसायकलिंगमध्ये टाक. मला मात्र आमचं बिग फन बबलगम आठवलं. गोळी तोंडात, क्रिकेटपटूचं चित्र वहीत आणि कागद गटारात! तो कागद आज कुणाकडे असेल का?

तर, ही पेटी साधारण कधीची? खरी आहे का? आणि टेप, डाग, स्टिकर काढू का?

बंडू_ओहायो

विकायची असेल तर एकच सांगतो. ईबेवर लोक काय मागतात ते बघू नका, 'सोल्ड'चा फिल्टर लावून काय मिळालं ते बघा. मागायला काय, मीही माझ्या जुन्या चपलांचे हजार मागीन.

फिली_काका

माई, आधी मुलाला त्या खोक्यापासून लांब ठेवा.

मी फिलाडेल्फियाजवळ राहतो, एकतीस वर्षं झाली. कार्डं माझ्याकडे फारशी नाहीत. मला वेड आहे ते कार्डांभोवतीच्या गोष्टींचं, म्हणजे मेणकागदाची वेष्टनं आणि दुकानात गल्ल्याशेजारी मांडायच्या या पेट्या. बायको याला 'केळी टाकून सालं जमवणं' म्हणते.

पण हिशेब बघा. पाच सेंटवाल्या पेटीत कार्डांच्या साधारण २४ पुड्या असायच्या. पोरं कार्डं घरी न्यायची, वेष्टन दुकानाच्या पायरीवरच पडायचं आणि शेवटची पुडी खपली की दुकानदार पेटी केरात टाकायचा. ठेवून करायचं काय? ज्या वाचल्या त्या कुणी त्यात बटणं, पावत्या किंवा स्क्रू भरले म्हणून. खुद्द टॉप्सलाही तेव्हा या मालाची काय पत्रास होती? १९५२ च्या संचाची न खपलेली खोकी त्यांच्या साय बर्गर यांनी १९६० मध्ये बार्जवर लादून अटलांटिकमध्ये बुडवली. त्याच संचातलं बेसबॉलपटू मिकी मँटलचं एक कार्ड २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं. समुद्राच्या तळाशी किती पेट्या गेल्या असतील, हा विचार मी रात्री झोपताना करत नाही.

आता साल. पाच सेंटचा भाव साठच्या दशकाच्या शेवटापर्यंत चालला, पुढे दहा झाले. म्हणजे तुमची पेटी त्याच्या आधीची. कडेला बारीक अक्षरात पत्ता असेल तो भिंगाने वाचा. त्यात पिन कोड, म्हणजे इथला झिप, असेल तर १९६३ किंवा त्यानंतरची, कारण झिप तेव्हाच सुरू झाले. पेन्सिल्व्हेनियातलं डुरिया दिसलं तर १९६५ च्या पुढची, कारखाना तेव्हा तिकडे गेला. नुसतं न्यूयॉर्कमधलं ब्रुकलिन असेल तर घाई करू नका, कचेरी बरीच वर्षं ब्रुकलिनलाच होती.

खरी-खोटी ओळखायची तर दहापट भिंग घ्या आणि रंगीत चित्रावर धरा. जुन्या ऑफसेट छपाईत ठिपके ओळीत, फुलासारख्या नक्षीत बसलेले दिसतात. घरच्या इंकजेटवर काढलेल्या नकलेत ते धुळीसारखे विखुरलेले असतात. काळी अक्षरं बघा, खऱ्या पेटीवर ती भरीव असतात. स्कॅन करून छापलेल्या अक्षरांच्या कडा ठिपक्यांनी कुरतडल्यासारख्या दिसतात. मग अंधारात अल्ट्राव्हायोलेट टॉर्च मारा. कागद उजळ दिसावा म्हणून घालतात ती रसायनं निळसर चमकतात. १९५० च्या सुमारासच ती वापरात यायला लागली, त्यामुळे साठच्या पेटीला ही एकच कसोटी पुरत नाही. पण एकाच पेटीचे दोन भाग वेगवेगळे चमकले तर कान टवकारायचे. माझ्या पाहण्यातल्या या पेट्या एकाच पुठ्ठ्याच्या घडीच्या आहेत, झाकण अंगचंच असतं. तुमचं टेपने जोडलेलं आहे म्हणून सांगतोय.

साफसफाईचं म्हणाल तर कशालाच हात लावू नका. माझ्याकडे फ्लीअर या दुसऱ्या कार्ड कंपनीची १९५९ ची पेटी आहे, बेसबॉलपटू टेड विल्यम्सच्या ८० कार्डांच्या संचाची. त्यातलं ६८ नंबरचं कार्ड करारावरून भांडण झाल्याने मागे घेतलं होतं, म्हणून लोक त्या कार्डामागे धावतात. मी पेटीमागे धावलो. तिच्यावर असंच एक स्टिकर होतं. एका रविवारी हेअर ड्रायर घेऊन बसलो. कड सुटली, मला चेव आला आणि ओढलं. स्टिकर निघालं, पण खालची छपाई घेऊनच. आता त्या जागी आठ आण्याच्या नाण्याएवढा पांढरा ओरखडा आहे. पेटी मी अजून त्या बाजूने भिंतीकडे तोंड करूनच ठेवतो.

मेणबत्ती७४

काका, वेष्टनांना इस्त्री केली तर सुरकुत्या जातात ना? एका व्हिडिओत पाहिलं.

फिली_काका

जातात. सोबत मेणही जातं, आणि मग हातात उरतो तेलकट कागद. ते वेष्टन गरम पट्टीने चिकटवलेलं असतं, उष्णतेने वितळणं हाच त्याचा धर्म. मायलारच्या (पारदर्शक प्लॅस्टिकच्या) पाकिटात घालून दोन जाड पुस्तकांत महिनाभर ठेवा. आणि कार्डाला चिकटून ठेवू नका, मेणाचा डाग कार्डावर उतरतो.

एडिसनची_माई

काका, काल रात्री मुलालाच टॉर्च धरायला लावला! पत्त्यात ब्रुकलिन आहे, झिप नाही. पेटीचं अंग टॉर्चखाली मळकट करडंच राहिलं, पण झाकण ट्यूबलाइट लागल्यासारखं चमकलं. भिंगातून अंगावर नक्षी दिसते, झाकणावर नुसती रांगोळी विस्कटल्यासारखं. म्हणजे झाकण नकली ना? पण मग टेप इतकी जुनी कशी?

फिली_काका

मूळ झाकण फाटलं असणार, आणि टेप तेव्हाची. नंतर कुणीतरी जुन्या टेपलाच नवं झाकण चिकटवून दिलं. नीट बघा, जुन्या टेपच्या कडेला ताज्या गोंदाची रेघ सापडेल. अंग मात्र तुमच्या वर्णनावरून अस्सल वाटतं. गंजाचे डाग तर राहू द्याच. ते आजोबांच्या स्क्रूंचे आहेत, असले डाग कुणी मुद्दाम पाडत बसत नाही.

झाकण ओढून काढू नका. टेप जिथे आपणहून सुटेल तिथे सुटू द्या. पेटीत आम्लविरहित टिश्यू कागदाचा सैल बोळा घाला, म्हणजे भिंती आत पडणार नाहीत. तळघरात ठेवू नका, तुमच्या न्यू जर्सीची तळघरं म्हणजे बुरशीचं माहेर. विकाल तेव्हा झाकण नंतरचं आहे हे पहिल्या ओळीत लिहा. न विकणार असाल तर पत्त्याच्या बाजूचा एक फोटो टाका, मला ते बारीक अक्षर बघायचंय.

एडिसनची_माई

गोंदाची रेघ सापडली. फोटो संध्याकाळी टाकते. स्क्रू आता डालड्याच्या डब्यात भरलेत, आणि मुलगा विचारतोय की तो डबा किती जुना आहे.