प्रायश्चित्तकाळातला त्याग देवाला आवडतो, की आपल्यालाच?

पारनाका_वसई
प्रायश्चित्तकाळ (लेंट) म्हणजे राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत, रविवार वगळून 40 दिवस. कॅथलिक नियम सोपा आहे: राखेच्या बुधवारी आणि गुड फ्रायडेला 18 ते 59 वयाच्यांनी एकदाच पोटभर जेवायचं, बाकीचं दोन वेळचं खाणं मिळूनही एका जेवणाएवढं होता कामा नये. पण मांस चालत नाही म्हणून मटण सोडून पापलेटवर ताव मारला तर जिभेचा हट्ट जिथल्या तिथेच!

म्हणून 16व्या शतकातल्या संत इग्नेशियस लोयोलाची आत्मपरीक्षणाची पद्धत धरा. एकच खोड निवडायची. सकाळी उठताच निश्चय, मग दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणानंतर तासातासाचा हिशेब. वहीत दिवसाला दोन रेघा, एक दुपारच्या हिशेबाची, एक रात्रीच्या. जितक्यांदा घसरलो तितके त्यांवर ठिपके. आजच्या कालच्याशी ताडायच्या, हा आठवडा मागच्याशी. 'राग' असं मोघम लिहिलं तर हाती काही लागत नाही. 'समोरच्याचं बोलणं मध्येच तोडणं' असं लिहा, ते मोजता येतं. प्रार्थनेचा कंटाळा आला तर ठरलेल्या वेळेपेक्षा थोडं जास्तच बसायचं.

नगरकर
साफ असहमत. ठिपके कमी झाले की अभिमान चढतो. बायबलमधल्या लूक 18 मधला परुशी (धर्मनियम काटेकोर पाळणारा) आठवड्यातून दोनदा उपास करायचा, दशांश द्यायचा, तरी नीतिमान ठरून घरी गेला तो पापी म्हणून दयेची याचना करणारा जकातदार. शिवू नको, चाखू नको असले नियम वरवर शहाणपणाचे दिसतात, पण देहवासनेपुढे कुचकामी ठरतात, असं प्रेषित पौल कलस्सैकरांना लिहिलेल्या पत्रात बजावतो (अध्याय 2). विश्वासावाचून देवाला संतोषवता येत नाही (इब्री 11:6). आधी कृपा, मग आज्ञापालन. तुमच्या वहीत क्रमच उलटा आहे.

पारनाका_वसई
उलटा कसा? त्या हिशेबाआधी कृपा मागायची असते आणि शेवटी क्षमा मागून नवा निश्चय. रात्री अख्ख्या दिवसाच्या सविस्तर आत्मपरीक्षणाची सुरुवात तर आभारांनी होते. आणि वहीत पडल्याचे ठिपके असतात, जिंकल्याचे नाहीत. शरीराला दास करून ठेवतो असं त्याच पौलाने लिहिलंय (1 करिंथ 9:27).

सोलापूरची_ताई
दोघंही 'मी' सोडायला तयार नाही. यशया 58 वाचा: उपासाच्या दिवशीही मजुरांना राबवणाऱ्यांना देव फटकारतो आणि भुकेल्याला भाकर वाटून द्यायला सांगतो. दुसऱ्या शतकातल्या रोमच्या ख्रिस्ती लिखाणात रीतच दिलीय: उपासाच्या दिवशी फक्त भाकर-पाणी, आणि त्या दिवशीच्या जेवणाला जो खर्च आला असता तो मोजून विधवेला, अनाथाला किंवा गरजवंताला द्यायचा. रक्कम त्याच दिवशी पाकिटात घाला. महिनाअखेरीवर ढकललं की ती घरखर्चात जिरते. कामवालीचा पगार थकवून दानपेटीत नोट टाकली तर तिचं थकलेलं वेतनच देवापुढे ओरडतं (याकोब 5:4).

आणखी एक, घरोघरी दिसणारं. उपास धरणाऱ्याला वेगळं लागतं म्हणून घरातली बाई दोनदा रांधते, वर त्याच्या भुकेची चिडचिडही तिनेच सोसायची. ज्याचा उपास त्याने आपलं ताट आपणच करून घ्यावं, भांडीही घासावीत.

नगरकर
हे मान्य. पण पाकिटावर नाव नको आणि जेवणाच्या टेबलावर त्याची वाच्यताही नको. मत्तय 6 प्रमाणे तोंड धुऊन, डोक्याला तेल लावून रोजच्या कामाला लागा. ठिपक्यांच्या वहीबद्दल माझं मत मात्र तेच आहे.