देणगीवर चालणारा ख्रिस्ती रेडिओ खेड्याचा असतो का?

प्रेअरीकर

मागील आठवड्यात आपल्या या चर्चामंचावर एका सदस्यांनी लिहिले की, अमेरिकी काँग्रेसने जुलै २०२५ मध्ये सार्वजनिक प्रसारणाचा १.१ अब्ज डॉलरचा निधी काढून घेतला ते योग्यच झाले. के-लव्हसारखी ख्रिस्ती नेटवर्कं सरकारचा एक पैसाही न घेता केवळ श्रोत्यांच्या देणगीवर खेडोपाडी पोहोचली, तेव्हा ज्यांना श्रोते पोसत नाहीत त्यांनी बंद व्हावे, असा त्यांचा युक्तिवाद होता. तो वाचून मी स्वस्थ बसू शकलो नाही.

‘एक पैसाही नाही’ हे अर्धसत्य आहे. ८८ ते ९२ मेगाहर्ट्झ हा पट्टा बिगरव्यावसायिक प्रसारणासाठी राखीव आहे. तेथील परवान्याचा लिलाव होत नाही, वार्षिक नियामक शुल्क माफ असते आणि देणगीदाराला करात सवलत मिळते. सार्वजनिक मालमत्तेचा हा वाटा हिशेबात धरलाच पाहिजे.

माझा खरा आक्षेप मात्र वेगळा आहे. के-लव्ह १९८२ मध्ये कॅलिफोर्नियातील सांता रोझा येथे एका केंद्रावर सुरू झाले. आज ते चालवणाऱ्या संस्थेची एक हजाराहून अधिक प्रक्षेपण केंद्रे देशभर आहेत आणि मुख्यालय टेनेसीतील फ्रँकलिन येथे आहे. गावाबाहेरच्या मनोऱ्यावर एक डिश आणि फार तर अडीचशे वॉटचा ट्रान्सलेटर, म्हणजे दुसऱ्या केंद्राचा कार्यक्रम जसाच्या तसा पुन्हा प्रक्षेपित करणारे लहान यंत्र, बसवला की नेटवर्क त्या गावात ‘पोहोचते’. त्या गावात ना स्टुडिओ असतो, ना निवेदक. गार्डन सिटीत बसून पश्चिम कॅन्ससच्या पाण्याविषयी आणि गव्हाविषयी बोलणाऱ्या हाय प्लेन्स पब्लिक रेडिओशी याची बरोबरी कशी होऊ शकते?

गव्हाळ

मी पश्चिम कॅन्ससमधील एका लहान रुग्णालयात डॉक्टर आहे. व्हिसाच्या अटीमुळे येथे आलो आणि अट संपल्यावरही येथेच राहिलो. त्यामुळे खेड्याला काय हवे हे शहरातून सांगितले जाते, तेव्हा मला राग येतो.

आमच्या रात्रपाळीच्या परिचारिकांच्या टेबलावर एक लहान रेडिओ मंद आवाजात चालू असतो. एका वृद्ध शेतकऱ्याच्या अखेरच्या रात्री त्यांच्या मुलीने तो मागून घेतला आणि उशीजवळ ठेवला. पहाटेपर्यंत त्यावर भक्तिगीते चालू होती. ती गीते टेनेसीहून आली की गावातून, हा प्रश्न त्या खोलीत कोणालाही पडला नाही. त्या बाई आजही दरमहा देणगी पाठवतात आणि त्यांच्यावर कोणतीही सक्ती नाही. जाहिरातदार मिळेनासे झाल्यावर व्यावसायिक मालकांनी या भागाकडे पाठ फिरवली. जे आले त्यांनाच आपण दोष देता, हे मला अन्यायाचे वाटते.

शिवाय उपग्रह आणि ट्रान्सलेटर ही काही केवळ ख्रिस्ती नेटवर्कांची युक्ती नाही. राज्यस्तरीय सार्वजनिक नेटवर्कंही अनेक गावांत अशीच पोहोचतात. केंद्राचा मुख्य स्टुडिओ परिसरातच असावा हा नियम २०१७ मध्ये रद्द झाला. त्याच्या कितीतरी आधीपासून दोघेही त्यातून सूट घेत होते.

सायरन

भक्तिगीतांचा प्रश्न बाजूला ठेवू. रात्री दोन वाजता त्या केंद्राचा फोन कोण उचलणार, एवढेच सांगा.

१८ जानेवारी २००२ रोजी रात्री दीडच्या सुमारास नॉर्थ डकोटातील मायनॉट येथे मालगाडी रुळांवरून घसरली आणि निर्जल अमोनियाचा ढग गावावर पसरला. एकाचा मृत्यू झाला, शेकडो लोकांना त्रास झाला. गावातील सहाही व्यावसायिक केंद्रे एकाच कंपनीच्या मालकीची होती आणि पोलिसांना तेथे वेळेवर कोणी मिळाले नाही. बाहेरून येणारा कार्यक्रम आपोआप वाजत राहणे म्हणजे काय, हे त्या रात्री कळले. आपल्या शेतांतही हाच अमोनिया खत म्हणून टाक्यांतून फिरतो, हे डॉक्टरांना सांगायला नको.

गव्हाळ

मायनॉटचे उदाहरण येथे आणणे हा सरळसरळ विपर्यास आहे. ती केंद्रे ख्रिस्ती नव्हती, देणगीवर चालणारी नव्हती, ट्रान्सलेटरही नव्हती. पोलिसांकडील इशारा यंत्रणाही त्या रात्री नीट वापरली गेली नाही, ही बाब तुम्ही गाळलीत. अमोनियाने भाजलेले फुप्फुस मी पाहिले आहे. त्याचा धाक दाखवून वादात गुण मिळवू नका.

सायरन

पोलिसांची चूक मला मान्य आहे. परंतु अशी चूक झाल्यावर दुसरा मार्ग असावा लागतो आणि तो मार्ग म्हणजे गावात रात्री जागणारा माणूस. माझ्या चुलतभावाच्या गावातील केंद्रावर हिमवादळात शाळा बंद असल्याचे, अंत्यविधीची वेळ बदलल्याचे, धान्याच्या एलिव्हेटरवरील (कोठारावरील) मायलोचा म्हणजे ज्वारीचा भाव, कोणाची गाय कुंपणाबाहेर गेली, हे सगळे सकाळी सहाला सांगितले जाई. मालकाने निवृत्त होताना ते विकले. आता त्याच फ्रीक्वेन्सीवर देशभर वाजणारी गाणी लागतात. त्यानंतरच्या हिवाळ्यात रस्ता बंद असल्याचे न कळल्यामुळे भाऊ रात्रभर गाडीत अडकला होता. नियम ट्रान्सलेटरला दोनच कारणांसाठी स्वतःचे बोलू देतो: जिवावरचे संकट आले तर, आणि देणगी मागण्यासाठी किंवा तिची पोच देण्यासाठी तासाला तीस सेकंद. त्यातला पहिला अधिकार वापरायला गावात माणूस तरी हवा ना?

गव्हाळ

रस्त्यांसाठी फोन आहेत आणि १६२ मेगाहर्ट्झवर हवामान खात्याचा स्वतंत्र रेडिओ आहे. प्रत्येक केंद्राने सर्व काही करावे ही अपेक्षाच चुकीची आहे. आणि तुमच्या भावाच्या गावातील मालकाला दुसरा कोणी ग्राहक मिळाला असता, तर त्याने केंद्र त्याला विकले नसते का?

नगरची लेक

मी अहिल्यानगरच्या मराठी ख्रिस्ती घरातली आहे आणि सध्या आयोवात राहते. येथे ‘ख्रिस्ती रेडिओ’ म्हणताच बाजूने किंवा विरुद्ध बोलणारे दोघेही एकच आवाज गृहीत धरतात, याचा मला मनस्ताप होतो. माझा आक्षेप श्रद्धाळू माणसाचा आहे.

नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ताची भक्ती अभंगात आणि ओवीत गायली, म्हणून ती आमच्या आजीच्या ओठांवर बसली. उपासना त्या त्या ठिकाणच्या मंडळीच्या गळ्यातून यावी लागते. आयोवातील आमच्या लहान चर्चमध्ये जुनी स्तोत्रे चार सुरांत म्हणणारी वृद्ध मंडळी आहेत. तरुणांना मात्र रेडिओवर ऐकलेली तीच मोजकी गाणी हवी असतात आणि वाद्यवृंदही तसाच हवा असतो. २०१९ मध्ये के-लव्हच्या संस्थेने न्यूयॉर्कच्या डब्ल्यूपीएलजे या रेडिओ केंद्रासह सहा केंद्रे १०३.५ दशलक्ष डॉलरना घेतली. तेवढ्या पैशात किती गावांतील मंडळ्यांना स्वतःचे अल्पशक्ती केंद्र उभारता आले असते, याचा विचार देणगीदारांनी करावा असे मला वाटते.

गव्हाळ, त्या मुलीचे सांत्वन खरे होते. मात्र देणगीदाराला मतदानाचा हक्क नसतो. फॅमिली रेडिओवरून हॅरोल्ड कॅम्पिंग यांनी २१ मे २०११ हा जगाच्या अंतिम न्यायाचा दिवस जाहीर केला, तेव्हा तेही श्रोत्यांच्याच देणगीवर चाललेले नेटवर्क होते. त्यांना आवरू शकेल असे श्रोत्यांच्या हाती काही नव्हते.

गव्हाळ

एका माणसाच्या भ्रमाचे ओझे सर्वांवर टाकू नये. तुमचा संगीताचा मुद्दा मला पटत नाही, कारण ज्यांच्या गावात चर्चच बंद पडले त्यांच्याकडे चार सुरांचा पर्याय उरलेला नाही. न्यूयॉर्कच्या खरेदीचे समर्थन मात्र मी करणार नाही. खेड्यातून आलेला पैसा खेड्यात आधी लागला पाहिजे, एवढे मला मान्य करावे लागते.

प्रेअरीकर

एवढेच मान्य होणार असेल तर एवढेच. माझ्याकडूनही एक: देणाऱ्यांची निष्ठा मी कमी लेखली नव्हती आणि लेखणारही नाही. निधी गेल्यावर सार्वजनिक केंद्रांनाही तीच निष्ठा कमवावी लागणार आहे. तरीही देणगी मिळते म्हणून केंद्र गावाला उत्तरदायी ठरते, हे मी मानत नाही. सायरन यांचा प्रश्न अनुत्तरित आहे. तुमच्या गावातील ट्रान्सलेटरसाठी शेरीफच्या कार्यालयाकडे रात्रीचा कोणता क्रमांक आहे?

गव्हाळ

सोमवारी शेरीफच्या कार्यालयात विचारून येथे लिहीन. तुमच्या जवळच्या सार्वजनिक रिले केंद्राचा रात्रीचा क्रमांकही तुम्ही विचारा आणि दोन्ही उत्तरे शेजारी ठेवा. त्याआधी मला उत्तरदायित्व शिकवू नका.