अनुभव धागा: पारवे-कबुतरं कधी झोपतात, कधी उठतात? तुम्ही काय पाहिलंय?

ओसरी
गावाकडचा आमचा वाडा (अंबड तालुका) मागच्या आठवड्यात उतरवला. तुळया काढताना वरच्या फटींतून पारव्यांच्या विष्ठेचा विटेएवढा जाड थर निघाला. मिस्त्री म्हणाला, पिढ्या गेल्या असतील यांच्या इथं. तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय.

उन्हाळ्यात आम्ही सगळी भावंडं माळवदावर (मातीच्या सपाट छतावर) झोपायचो आणि पारवे खाली ओसरीच्या तुळईवर. दिवेलागणीच्या आधीच यायचे, पण थेट आत नाही. आधी पडक्या गढीच्या बुरुजावर बसायचे, मान वाकडी करून मांजर आहे का बघायचे, मग एकेक आत. प्रत्येकाची जागा ठरलेली. दुसरा कुणी तिथं बसला की पंखाचा फटका. अंधार पडेपर्यंत ही भांडणं, मग एकदम चिडीचूप.

कंदील घेऊन बघायला जायचो. अंग फुगवलेलं, मान खांद्यांत रुतवलेली, चोच छातीशी. कोंबडी मान मागं वळवून पिसांत घालते तसं पारवा करत नाही. आणि कुणाचा तरी एक डोळा उघडा असायचाच. आजी म्हणायची, "अर्धं झोपलंय, अर्धं राखण करायलंय." पुढं वाचनात आलं की ते खरंच तसं आहे. एक डोळा उघडा असतो तेव्हा मेंदूची एक बाजू दुसरीपेक्षा कमी गाढ झोपलेली असते.

तुमच्याकडचं सांगा. वाडा, विहीर, मोंढा (धान्याचा बाजार), बाल्कनी, काहीही चालेल.

मोंढ्यातला_लातूर
हमालांच्या आधी ते हजर असतात बगा. फटफटलं की पत्र्याखालच्या कैचीवरून (छताच्या सांगाड्यावरून) खाली उतरतात, आदल्या दिवशीचं सांडलेलं वेचतात. सौदे सुरू झाले, माणसं वाढली की परत वर. दुपारी उन्हाच्या वेळेला सगळे सावलीत एक पाय पोटाशी घेऊन डोळे मिटून. कुणी घुमत पण नाही. ऊन कललं की पुन्हा खाली, अंधार पडायच्या आत पोट भरून घ्यायचं असतं त्यांना. तुरीचा सीझन असला की चंगळ.
रविवारी बाजार बंद, तरी त्याच टायमाला येतात आणि मोकळ्या ओट्यावर फिरत राहतात. मला बघवत नाही, मूठभर ज्वारी टाकून येतो.

पूर्णाकाठ
दादा टाका ज्वारी पण ओट्यावर राहू देऊ नका, घुशी येतात. आमच्या गोदामात लै त्रास झाला त्याचा.

मोंढ्यातला_लातूर
राहत नाही हो, दोन मिनिटांत साफ करतात.

सेलूकर
आमच्याकडं पारवे म्हणजे विहिरीतले. घरात कुणी येऊ द्यायचं नाही, पारवे घुमले की घर ओस पडतं म्हणायचे. विहिरीत मात्र कुणी त्यांना हात लावायचं नाही.
जुन्या दगडी विहिरीच्या कपारीत जोड्या असायच्या. उजाडायला वडील मोटर चालू करायला जायचे तेव्हा पाऊल वाजलं की सगळा थवा भर्रकन वर. हरभऱ्याच्या नाहीतर ज्वारीच्या रानात चरून ऊन तापायच्या आत परत. चैत्र-वैशाखात बाहेर 42-43 असताना विहिरीत पाण्याजवळ गारवा असतो, दुपार तिथंच. पाणी पिताना बघा कधी. चिमणी-कोंबडीसारखं घोट घेऊन मान वर करत नाहीत, चोच बुडवून सलग ओढतात.
वालूरच्या बारवेला (पायऱ्यांच्या जुन्या विहिरीला) गेलात तर सकाळी लवकर जा. आता नव्या विहिरींना सिमेंटच्या कड्या टाकतात. त्यात कपार नाही, मग पारवा राहणार कुठं? शेवटी कड्याकपारीतलंच पाखरू आहे ते. वाडे, देवळं, विहिरी ही त्याच्यासाठी डोंगराचीच कपार.

ओसरी
भर्रकन! तो आवाज आत्ता ऐकू आला वाचताना.

वेरूळची_लेक
सेलूकर, अगदी खरं. वेरूळला लेणी उघडायच्या वेळेला जा, कैलास लेण्याच्या वरच्या कड्यावर उन्हाला बसलेले असतात. सगळ्यात आधी ऊन जिथं येतं तिथं. मग ऊन सरकेल तसे सरकतात. माझे बाबा गाईड होते, पारवे कुठं बसलेत बघून वेळ सांगायचे. (बाबांचा आज वाढदिवस. धागा बघून बरं वाटलं.)

पूर्णाकाठ
बाबांना शुभेच्छा सांगा ताई 🙏

औसा_तालुका
30 सप्टेंबर 1993, किल्लारीचा भूकंप. आदल्या रात्री गणपती विसर्जन करून सगळे उशिरा झोपलेले. चार वाजायला आले होते, जमीन हादरली. आम्ही कसेबसे अंगणात आलो, मागं माळवदाची माती खाली आली. मी लहान होतो. लोकांच्या ओरडण्याइतकाच पंखांचा आवाज लक्षात आहे. वाड्यातले सगळे पारवे अंधारात उडाले होते. पारवा रात्री उडत नाही, अंधारात त्याला धड दिसत नाही. बसायला जागाच उरली नव्हती म्हणून घिरट्या घालत होते. एक आईच्या खांद्यावर येऊन आदळला. आईनं त्याला पदरात धरलं आणि उजाडेपर्यंत धरूनच बसली.
नंतर पत्र्याच्या शेडमध्ये राहिलो बरेच दिवस. तिकडं पारवे आले नाहीत. ना तुळई, ना कोनाडा, दिवसा पत्रा तापलेला.

ओसरी
काय लिहावं कळत नाही दादा. आईंना नमस्कार सांगा.

मोंढ्यातला_लातूर
माझे मामा सास्तूरचे, तेही त्याच भूकंपातलं गाव. या विषयावर घरात अजून कुणी बोलत नाही.

औसा_तालुका
आई आता नाहीत. पण हे कुणाला तरी सांगायचं होतं.

आठवा_मजला
सगळ्यांचं वाचून डोळे भरून आले. माझा प्रश्न साधा आहे. संभाजीनगरात फ्लॅटच्या बाल्कनीत कुंडीमागं कबुतरानं दोन अंडी घातलीत. रात्री बसलेलं आणि दुपारी बसलेलं कबूतर मला वेगळं वाटतंय. मानेवरची चमक वेगळी. भास आहे का?

ढाबळवाले_जालना
भास नाही. दुपारी बसतो तो नर. आमच्या घरात आजोबांपासून ढाबळ (पाळीव कबुतरांचं खुराडं) आहे, गिरेबाज जातीची कबुतरं, थोडे लक्के. सकाळी दहाच्या सुमाराला नर येतो, मादी उठते, चरायला जाते. चार-पाचच्या आसपास ती परत येते आणि मग पूर्ण रात्र तीच. बदली होताना बघा, येणारं कबूतर हळूच घुमतं, उठणारं लगेच उठत नाही, जरा वेळ तसंच बसून राहतं. साधारण 17-18 दिवसांत पिलं. दोघांच्या गळ्यात दूध होतं, हो, नराच्यासुद्धा, पहिले काही दिवस पिलं त्याच्यावरच.
ढाबळीचा नियम एकच, वेळ मोडायची नाही. पहाटे उपाशीपोटी उडवायचे, उतरले की दाणा. संध्याकाळी सूर्य बुडायच्या आत मोजून आत. एखादा बाहेर राहिला तर तो छपरावर जिथं अंधार पडला तिथंच बसून राहतो, हलत नाही, आणि घुबड नाहीतर मांजर उचलतं. आजोबा बाहेर राहिलेल्यासाठी रात्रभर बॅटरी घेऊन अंगणात बसायचे. आजी जेवण तिथंच नेऊन द्यायची.

आठवा_मजला
म्हणजे बाबांची दिवसपाळी 😊 उद्या दहाला बघतेच.

नाईट_ड्यूटी_परभणी
मी वॉर्डात रात्रपाळी करते, घरी जाताना स्टेशनवरून जाते. प्लॅटफॉर्मच्या लोखंडी कैचीवर पांढरे दिवे लागल्यापासून रात्री दोनलासुद्धा चार-दोन कबुतरं खाली उतरून पोळीचे तुकडे वेचताना दिसतात. बाकीचे वर बसून सारखी जागा बदलतात. आधी पिवळा मंद दिवा होता तेव्हा असं नव्हतं. माझी स्वतःची झोप रात्रपाळीनं गेलीय, म्हणून असेल कदाचित, मला त्यांच्याकडं बघून जीव कळवळतो. दिवा आपल्याला लागतो, जागरण त्यांना.

गुरुजी_अंबाजोगाई
ताई, तुमचं निरीक्षण बरोबर आहे. ऑस्ट्रेलियात कबुतरांवर प्रयोग झालेत, रात्रीच्या दिव्यांनी त्यांची झोप कमी आणि तुटक होते. तिथं पिवळसर दिव्यानंही झोप जवळपास तेवढीच बिघडली होती, म्हणजे दिव्याचा रंग बदलून भागत नाही, उजेडच कमी करायला हवा.
आणखी एक, माझ्या वर्गात सांगितलं की पोरं अर्धा तास गप्प बसतात. 2023 साली जर्मनीतल्या संशोधकांनी 15 कबुतरांना एमआरआयच्या यंत्रात झोपायची सवय लावली. कबुतराची पापणी जरा पारदर्शक असते, त्यामुळे मिटलेल्या डोळ्यातली बाहुली कॅमेऱ्याला दिसते. स्वप्नांच्या झोपेत ती बाहुली भराभर आकसते. आणि त्याच वेळी मेंदूचे जे भाग उडताना समोरून सरकणारं दृश्य समजून घेतात ते जागे होतात, पंखांकडून येणारी खबर घेणारेसुद्धा. म्हणजे झोपेत उडत असावं. संशोधक याला अंदाजच म्हणतात, पण एका मुलीनं विचारलं, "गुरुजी, विहिरीतला पारवा स्वप्नात विहिरीतून वर येत असंल का?" मला तो प्रश्न फार आवडला.

सेलूकर
पोरीला माझ्याकडून पेढा द्या गुरुजी.

हिंगोलीची_सून
आमच्या सासऱ्यांना कबुतरांच्या विष्ठेनं छातीचा त्रास झाला होता, श्वास पुरायचा नाही. डॉक्टरांनी गच्चीवर जायचं बंद केलं. ओसरी ताई, तो वाड्यातला थर कोरडा खरवडू देऊ नका कामगारांना. आधी पाणी मारून ओला करायचा, नाका-तोंडाला चांगला मास्क, रुमाल पुरत नाही.

ओसरी
बरं झालं सांगितलं, अर्धा अजून तसाच पडलाय. आत्ताच मिस्त्रीला फोन करते.

पूर्णाकाठ
कुणाकडं तुळयांचं जुनं सागवान विकायचं असेल तर सांगा, भावाला देवघर करायचंय.

ओसरी
व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

आठवा_मजला
हिंगोली ताईंचं वाचून काळजी वाटली. आमच्याकडं तान्हं बाळ आहे. सोसायटीत जाळी लावणारा उद्याच येतोय. अंड्यांचं काय करू?

ढाबळवाले_जालना
उद्या नको. बाळाच्या खोलीचं दार बाल्कनीकडून बंद ठेवा, कुंडीभोवतीची घाण ओली करून कागदानं उचला, बाळाच्या आईनं नाही, दुसऱ्या कुणीतरी. पिलं महिन्याभरात उडतात, जरा मागंपुढं. पण तेव्हा रोज लक्ष ठेवा. पहिली पिलं पुरती उडायच्या आतच तीच जोडी पुढची अंडी घालते. दुसरं पिलू कठड्यावरून गेलं की त्याच दिवशी जाळीवाल्याला बोलवा. जोडी चरायला गेलेली असेल तेव्हा बोलवा.