गोठ्याचं घाण पाणी जलवनस्पतींनी साफ करायचं, की खाजवून खरूज काढायची?

गोठेवाला_शिरोळ
रामराम मंडळी. विषय घाण आहे पण मांडतोच. आमच्याकडं ४० म्हशी, शेण बायोगॅसला नायतर उकिरड्यावर जातंय त्याची अडचण नाही, अडचण धुण्याच्या पाण्याची. मूत, शेणकाला, सांडलेलं दूध असलं सगळं मिसळून जे काळं पाणी निघतं ते गावातल्या बहुतेक गोठ्यांचं ओढ्याला जातं आणि ओढा कुठं जातो ते सगळ्यांना माहितीय. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २०२० मधे गोठे आणि गोशाळांसाठी सूचना काढल्यात, म्हणजे आज ना उद्या हे दारात येणारच.

माझं मत असं की मशीन, मोटर, वीजबिल यात पडण्यापेक्षा तीन टप्पे करावेत. आधी गाळ बसवायचा खड्डा, मग डकवीडचं तळं (पाण्यावर बारीक हिरव्या टिकल्या तरंगतात ते), शेवटी खडीत लावलेली कर्दळ आणि पाणकणीस. डकवीड चांगल्या हवेत दोन-तीन दिवसात दुप्पट होतं, वाळवलं तर चांगल्या मालात ३० टक्क्यांच्या वर प्रोटीन, कोंबड्यांना माशांना घाला. पाणी साफ आणि वर खाद्य. मी तर म्हणतो १५-२० जनावरांच्या वरच्या प्रत्येक गोठ्याला हे सक्तीचं करा.

नदीकाठचा_बाबू
सक्तीचं?? पंचगंगेत दर उन्हाळ्यात जलपर्णीचा गालिचा पसरतो, ती काढताना सगळ्यांच्या नाकी नऊ येतात आणि तुम्ही म्हणता घरोघरी पाण्यातली झाडं वाढवा! आणि शिरोळचे असून महापूर विसरलात व्हय? २००५, २०१९, २०२१. गोठे गेले, जनावरं गेली, तिथं तुमचं तळं राहणार आहे का. एका पुरात सगळ्या गावाचं डकवीड आणि खालचा गाळ थेट नदीत.

गोठेवाला_शिरोळ
बाबूराव, जलपर्णी मी म्हटलोच नाही, डकवीड म्हटलो. आणि नदीत जलपर्णी माजते कशामुळं? आपण सोडलेल्या नत्र-स्फुरदावरच ना. ते नदीत जलपर्णीनं खाण्यापेक्षा माझ्या तळ्यात डकवीडनं खाल्लेलं बरं.

अर्धवट_इंजिनियर
दोघंही झाडावर भांडताय, झाड हा यातला लहान गडी आहे. घाण खातात ते मुळांवर आणि खडीवर राहणारे जिवाणू, खडीतलं झाड त्यांना राहायला जागा देतं, थोडा ऑक्सिजन देतं आणि स्वतः नत्र-स्फुरद थोडंसंच उचलतं. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेचं फायटोरिड (झाडं लावलेल्या खडीतून सांडपाणी साफ करायची पद्धत) याच तत्त्वावर चालतं, पण ते मुख्यतः माणसांच्या सांडपाण्यासाठी. घरगुती सांडपाण्याचा बीओडी (घाण कुजवताना जिवाणू पाण्यातला किती ऑक्सिजन खातात त्याचं माप, लिटरला मिलिग्रॅममधे) साधारण २००-३०० असतो, गोठ्याचं दाट पाणी हजारांत जातं, आणि नियमाप्रमाणे नदीनाल्यात सोडायचं तर ३० च्या आत, शेतात द्यायचं तर १०० च्या आत पाहिजे.

असलं पाणी सरळ डकवीडवर सोडलं तर अमोनियानं ते पिवळं पडून मरतं, मग मेलेलं डकवीड कुजतं आणि बीओडी आणखी वाढतो. बायोगॅसमधून काढून सोडलं तरी सुटका नाही, तिथं कार्बन कमी होतो, नत्र तसंच राहतं उलट अमोनिया होऊन बाहेर येतं. म्हणून गाळ नीट बसवा, पाणी पातळ करा, मग झाडं. जागेचा हिशोब पण सांगतो. म्हशीमागं १०० लिटर धरलं तर तुमचं दिवसाला ४००० लिटर, २० दिवस थांबवायचं तर ८० घनमीटर, एक मीटर खोल तळं केलं तरी एका गुंठ्याच्या जवळपास गेलं, आणि तो कमीत कमी आकडा आहे. वरून डकवीडचा थर दाट झाला की खाली हवा जात नाही, पाणी सडतं. तो थर सतत काढत राहायला लागतो.

शेणामुताचा_माणूस
मला मूळ प्रश्नच पटत नाही. साफ कशाला करायचं? नत्र, स्फुरद, पालाश हे पिकाचं जेवण आहे, ते झाडाला चारून परत काढून वाळवून कोंबडीला घालायचं हा द्राविडी प्राणायाम कशासाठी. हत्ती गवताला पाटानं सोडा, गवत म्हशीला घाला, संपला विषय. युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपयांत मिळते म्हणून आपल्याला मुताची किंमत कळत नाही, अनुदान काढा मग बघा ओढ्याला कोण सोडतंय.

गोठेवाला_शिरोळ
ज्याच्याकडं शेत आहे त्यानं खुशाल सोडावं. माझ्याकडं पाऊण एकर, त्यात पावसाळ्याचे दोन-तीन महिने रान आधीच चिबाड असतंय, तेव्हा पाणी सोडू कुठं? आणि आमचा तालुका क्षारपडसाठी प्रसिद्ध, मुताचं खारट पाणी वर्षभर दिलं तर उरलंसुरलं रान पण फुटेल.

अर्धवट_इंजिनियर
मीठ झाडं काढत नाहीत हो. उन्हाळ्यात तळ्यातलं पाणी उडतं आणि खारटपणा उलट वाढतो. क्षाराचं कारण देऊन तळं करत असाल तर ते कारण बाद समजा. पावसाळ्यात साठवायचं कारण मात्र बरोबर आहे.

आरेच्या_पलीकडे
मुंबईतले तबेले बघा एकदा. तिथं शेत नाही, गुंठाभर मोकळी जागा मागितली तर लोक हसतील, आणि शेण गटारातून मिठी नदीत जातं हे जगजाहीर. म्हणजे जिथं घाण सगळ्यात जास्त तिथं तळं शक्य नाही आणि जिथं जागा आहे तिथं शेतच आहे. मग ही सक्ती नक्की कोणासाठी?

जनावरांची_डॉक्टर
मी फक्त खाद्याबद्दल बोलते कारण तिथं लोक फसतात. दादा, गोठ्याच्या पाण्यात वाढलेलं हिरवं ओलं काहीही म्हशीला घालू नका. साचलेल्या पाण्यात गोगलगायी येतात, त्यांच्यामुळं चपट्या जंतांची पिल्लं अशा वनस्पतींवर चिकटतात आणि जनावराच्या लिव्हरमधे जातात. तिच्याच शेणातले जंत तिलाच परत. शिवाय अँटिबायोटिकचं औषध चालू असेल तर त्यातला बराच भाग मुताशेणातून बाहेर पडतो, मिनरल मिक्स्चरमधलं तांबं-जस्त पण, आणि असल्या वनस्पती जड धातू चांगल्याच ओढतात. कडक वाळवून, तपासून कोंबड्यांना थोडं चालेल. शंका असेल तर सरळ कंपोस्टला टाका.

आणि हो, कोणीतरी अझोला (पाण्यावर तरंगणारं बारीक नेचं) सुचवणारच म्हणून आधीच सांगते. अझोला चारा म्हणून छान, पण तो नत्र हवेतून घेतो, त्याच्या पानात तशी शेवाळं राहतात. नत्र काढायला त्याला पाण्यात टाकणं म्हणजे पोट भरलेल्या पाहुण्याला पंगतीला बसवणं.

नदीकाठचा_बाबू
डास राहिले बोलायचे. जलपर्णी, गोंडाळ यांच्या मुळांना चिकटून काही डासांच्या अळ्या श्वास घेतात, गप्पी मासे पण तिथं पोचत नाहीत.

गोठेवाला_शिरोळ
डकवीडची मुळं जलपर्णीसारखी मोठी नसतात बाबूराव, त्याचं भय दाखवू नका. डॉक्टरताई, म्हशीला घालायचं नाही हे मान्य, कोंबड्यांना पण नको, सगळं कंपोस्टला टाकतो. पण बाकीच्यांनी दुसरा मार्ग कुठला सांगितला? शेतात सोडा म्हणजे पावसात ओढ्यालाच जाणार. सक्तीवर मी ठाम आहे, फक्त आरेवाल्यांच्या मुद्द्यावर अट बदलतो: ज्याच्याकडं जनावरांच्या मानानं रान कमी आणि दोन-तीन गुंठे मोकळी जागा आहे त्यालाच सक्ती. तबेल्यांना ट्रीटमेंट प्लांट.

शेणामुताचा_माणूस
आणि रोज तो थर काढणार कोण? म्हशी धुवायला गडी मिळत नाही, डकवीड काढायला मिळणार होय. पहिले दोन महिने फोटो टाकाल, मग तळ्याचं डबकं.

गोठेवाला_शिरोळ
बचत गटाला देऊ, कंपोस्ट त्यांचं. पुराचं म्हणाल तर २०१९ ला पाणी चढलं होतं त्याच्या वर बांध घालून, उंचावर तळं करायचं.

अर्धवट_इंजिनियर
गोठा खाली, तळं वर. म्हणजे रोजचे ४००० लिटर उपसून वर टाकायला पंप लागणार.

नदीकाठचा_बाबू
मोटर आणि वीजबिल नको म्हणूनच सुरू झालं होतं ना हे सगळं? 😄

गोठेवाला_शिरोळ
सोलर बसवतो. पुढचं बोला.