सीईओचा पगार किती पट? आधी सगळी माणसं तरी मोजा

गिरणगावकर
कंपनी कायदा 2013 च्या कलम 197 नुसार शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीला दरवर्षी सांगावं लागतं, की प्रत्येक संचालकाचं मानधन कर्मचाऱ्यांच्या मध्यक पगाराच्या किती पट आहे. सगळे पगार चढत्या क्रमाने लावले की मधोमध येतो तो मध्यक. पण त्या रांगेत असतं कोण? लोअर परळच्या टॉवरमध्ये रात्री लाद्या पुसणारी बाई, गेटवरचा वॉचमन, कँटीनमधला पोरगा हे सगळे ठेकेदाराचे. कमी पगाराची माणसं अशी बाहेर राहिली की मध्यक वर सरकतो आणि तफावत कमी दिसते. या जागेवर गिरण्या होत्या तेव्हा कोणी गैरहजर असेल तरच काम मिळणाऱ्या बदली कामगाराकडेही गिरणीचं कार्ड असायचं. आज त्याची नातवंडं त्याच आवारात राबतात, आणि कंपनीच्या लेखी ती नाहीतच. वर्षभर राबणारा प्रत्येक जण या मोजणीत आला पाहिजे.

मुलुंडचा भागधारक
असहमत. पैसा भागधारकांचा, त्यांनी ठरवावं. एका व्यवस्थापकीय संचालकाला निव्वळ नफ्याच्या 5 टक्के, सगळे संचालक आणि व्यवस्थापक मिळून 11 टक्के ही मर्यादा कायद्यात आहेच. पुढे जायचं तर भागधारकांची मंजुरी लागते, आणि ते नुसत्या माना डोलावत नाहीत. 2014 मध्ये टाटा मोटर्सच्या अधिकाऱ्यांच्या मानधनाचे ठराव त्यांनी पाडले. 2021 मध्ये आयशर मोटर्समध्ये सिद्धार्थ लाल यांची फेरनियुक्ती पगारवाढीच्या मुद्द्यावर अडली. स्वित्झर्लंडमध्ये तर 2013 साली ‘कंपनीतल्या सर्वांत कमी पगाराच्या 12 पटींहून जास्त पगार नको’ हा प्रस्ताव सार्वमतात सुमारे 65 टक्के लोकांनी नाकारला. ते सगळे काही सीईओ नव्हते!

सुपरवायझर, अंधेरी
दादा, मर्यादा घाला असं वरती कोणी म्हटलंय कुठे? मोजा म्हणतायत. आमच्याकडे ठेकेदार बदलतो. माणसं तीच, मजले तेच, फक्त छातीवरचा बिल्ला नवा. सेवा तुटते, ग्रॅच्युइटी हुकते. वर्षानुवर्षं एकाच इमारतीत काम करणारी बाई कागदावर कायम नवीनच. हे मला बघवत नाही.

मुलुंडचा भागधारक
त्यांच्या हालांबद्दल वाद नाही. पण ठेकेदार कोणाला किती देतो हे कंपनीला कुठून कळणार? शिवाय मोजायची सक्ती केली तर कंपन्या तेही काम आणखी लांब ढकलतील.

गिरणगावकर
कळतं की. 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यानेच पगारवाटपाच्या वेळी मूळ मालकाचा, म्हणजे काम करून घेणाऱ्या कंपनीचा, माणूस हजर हवा असं सांगितलं होतं, आणि ठेकेदाराने पगार बुडवला तर तो मालकाने भरायचा. म्हणजे आकडे मागितले तर मिळतात. आणि लांब ढकलण्याचं म्हणाल, तर लादी पुसायला बाईला त्याच मजल्यावर यावं लागतं. ते काम कुठे ढकलणार?

सुपरवायझर, अंधेरी
पगाराच्या दिवशी कंपनीचा माणूस? मी तरी आजवर बघितला नाही.